आढ्याचें पाणी आणि टपावरचें ओझें



घराची पन्हळ गळूं लागली म्हणजे त्या घरांत दोन गोष्टी एकदम जमूं लागतात. पहिली, गळणाऱ्या जागेखालीं मांडलेलीं भांडीं. आणि दुसरी, सल्ले. भांडीं घरांत असतील तेवढींच मांडतां येतात. सल्ल्यांना अशी कांहीं मर्यादा नाहीं. शेजारी देतो, सासुरवाडी देते, दुकानदार देतो. आणि रस्त्यानें जाणारा अनोळखी गृहस्थहि, आपण शिडीवर चढलेले दिसलों कीं क्षणभर थांबून, मान वर करून, एखादा सल्ला देऊन जातो. त्यांतून दुरुस्तीचें सामान आणावयाचें ठरलें, आणि तें आपल्याच मोटारीच्या टपावर बांधून आणूं असा विचार मनांत आला, तर सल्ल्यांची दुसरी सर सुरू होते. आज मला बोलावयाचें आहे तें या दोन कामांविषयीं. परंतु त्याहून अधिक, त्यांविषयीं विचारावें कोणाला आणि कसें, याविषयीं. विषय किरकोळ वाटेल. पण ज्या भिंतीच्या आंत माणसें निजतात ती भिंत उभी राहणें, आणि ज्या रस्त्यानें आपल्या मागून दुसऱ्याचें मूल सायकलवरून येत असतें त्या रस्त्यावर आपलें ओझें टपावर टिकून राहणें, हें अशाच किरकोळ गोष्टींवर अवलंबून असतें.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवूं. इंग्रजींत छपराच्या कडेची पन्हळ आणि रस्त्याच्या कडेचें गटार या दोहोंना एकच शब्द आहे, आणि तो आपणहि आतां सर्रास वापरूं लागल्यामुळें दुकानांत मौज होते. 'गटर दुरुस्त करावयाचें आहे' असें सांगितलें कीं दुकानदार मोरीच्या जाळ्या पुढें मांडतो. आपल्या भाषेंत पन्हळ हा चांगला रुळलेला शब्द आहे. ज्या नागमोडी पत्र्याला आपण पन्हळी पत्रा म्हणतों त्याचें नांवहि तिच्यावरूनच पडलें. छपराचा सर्वांत उंच कणा तें आढें, त्याची खालची कड ती वळचण, आणि वळचणीवरून पडणाऱ्या धारा त्या पागोळ्या. 'आढ्याचें पाणी वळचणीला' अशी म्हणच आहे. जी गोष्ट जेथें जावयाची तेथेंच ती जाणार, अशा अर्थानें आपण ती वापरतों. म्हणीचें काम वळचणीपाशीं संपतें. घराचें काम मात्र तेथेंच सुरू होतें. कारण वळचणीवरून तें पाणी पुढें कोणाच्या दारीं जातें, याविषयीं म्हण कांहीं सांगत नाहीं.

हा प्रश्न मी पिंप्राळ्याच्या संदर्भांत मांडणार आहें. पिंप्राळा हें मूळचें स्वतंत्र गांव. आतां जळगांव शहरांत मिसळून गेलेलें आणि २००३ सालीं स्थापन झालेल्या जळगांव महानगरपालिकेच्या हद्दींतलें. अशा जुन्या गांवठाणांत धाब्याचें घर, त्याला लागून वाढविलेली पत्र्याची खोली, आणि पलीकडे सिमेंटची गच्ची, अशीं तीन तऱ्हेचीं छपरें एकमेकांना खेटून उभीं असतात. धाबें म्हणजे काय हें पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना सांगावें लागेल. भिंतींवर तुळया, तुळयांवर बारीक लांकडें, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर, असें हें सपाट छप्पर. उन्हाळ्यांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हां या मातीखालीं जो गारवा मिळतो तो सिमेंटच्या गच्चीखालीं मिळत नाहीं. धाब्याला एका अंगाला किंचित् उतार दिलेला असतो. पावसाचें पाणी त्या उतारानें कडेला येतें आणि भिंतीबाहेर पुढें काढलेल्या पन्हळीच्या तोंडांतून खालीं पडतें. आखाजी झाली, माहेरीं आलेल्या लेकी सासरीं परतल्या, कीं मृग लागेपर्यंत जे कांहीं आठवडे मिळतात त्यांत धाब्यावर नवी माती घालावी, ती चोपावी, पन्हळीचें तोंड मोकळें करावें, अशी खानदेशची जुनी रीत. त्या काळीं सल्ला कोणाला विचारावा हा प्रश्नच उद्भवत नसे. जो माती चोपी तोच काय तें सांगे, आणि धाबें गळलें तर पुढच्या वर्षीं त्यालाच सारें गांव नांवें ठेवी.

छपरें बदललीं, आणि जाणता कोण हें कळेनासें झालें. येथून खरी अडचण सुरू होते. समजा, आपला एखादा सोयरा रत्नागिरीकडचा आहे. कोंकणांत पोफळीचें खोड उभें चिरून, आंतील गाभा काढून त्याची पन्हळ करीत आले आहेत. त्या सोयऱ्याला पाण्याचें ज्ञान आपल्याहून दसपट. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जळगांवला सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर. परंतु कोंकणची पन्हळ चार महिने वाहती राहते, धुतली जाते. आमची पन्हळ आठ महिने उन्हांत कोरडी तापते, कडुनिंबाचीं पानें आणि धूळ पोटांत सांठवून बसते, आणि मग एके दिवशीं तिसऱ्या प्रहरीं येणारा वळीव तासाभरांत तिच्याकडून साऱ्या वर्षाचा हिशेब मागतो. हिशेब सोपा आहे. छपराच्या एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. ५० चौरस मीटरांच्या लहानशा छपरावर तासांत २० मिलिमीटर पडला, तर १,००० लिटर पाणी, म्हणजे साठसत्तर घागरी, एका तोंडांतून एका जागीं ओतल्या जातात. कोंकणच्या सोयऱ्याचा सल्ला खोटा नसतो; तो दुसऱ्या पावसासाठीं तयार झालेला असतो.

पिंप्राळ्यांतील एका परिचितांच्या घरचा प्रकार मला जवळून पाहावयास मिळाला. गृहस्थ शिक्षक आहेत. त्यांना आपण गुरुजी म्हणूं. वडिलांचें धाब्याचें घर, आणि त्याला मागच्या बाजूनें मुलासाठीं वाढविलेली पत्र्याची खोली. दोन छपरांच्या सांध्यावर पत्र्याची पन्हळ, आणि तिचें तोंड शेजारच्या अरुंद बोळांत. बोळाच्या पलीकडे एका वृद्ध विधवेचें मातीच्या भिंतींचें घर. पावसाळ्यांत गुरुजींच्या स्वयंपाकघरांत पाणी येई. त्यांनीं विचारावयास सुरुवात केली.

पुण्यास असलेल्या धाकट्या भावाला छायाचित्र पाठविलें. सारी पन्हळच बदलून टाक, असें त्याचें तत्काळ उत्तर आलें. छायाचित्र मे महिन्यांतलें. त्यांत पत्रा होता, गंज होता, वर बसलेला कावळाहि होता. फक्त पाणी नव्हतें. ज्या गोष्टीबद्दल तंटा तीच समोर नसेल तर पंचांनीं निवाडा द्यावा कशावर? मेहुण्यांनीं डांबर सुचविलें. डांबर हिंवाळ्यांत घट्ट बसलेलें दिसतें. पण खानदेशच्या मे महिन्यांत तापलेल्या पत्र्यावर तें मऊ होऊन सरकतें, आणि पहिल्या पावसाला भेग पुन्हां उघडी पडते. दुकानदारानें लेपाचा डबा दिला. यांत दुकानदाराचा दोष नाहीं. वैद्याकडे गेलें कीं काढा मिळतो, न्हाव्याकडे गेलें कीं हजामत होते. शाळेंतील एका सहकाऱ्यानें पन्हळीच्या तोंडाला आणखी हातभर नळ जोडावयास सांगितलें, म्हणजे पाणी 'पलीकडे' जाईल. पलीकडे म्हणजे कोठें, हें त्यानें सांगितलें नाहीं आणि कोणी विचारलेंहि नाहीं. असे सातआठ सल्ले जमले. सारे प्रेमानें दिलेले. पण त्यांतला एकहि असा नव्हता, कीं जो चुकला असतां देणाऱ्याच्या अंगावर पाण्याचा थेंब पडणार होता.

अशा वेळीं 'ऐकावें जनाचें, करावें मनाचें' ही म्हण हमखास पुढें येते. मला ती या कामांत फारशी उपयोगाची वाटत नाहीं. मनाला पन्हळींतलें काय कळतें? आणि जन म्हणजे नेमके कोण, हें ठरविल्यावांचून ऐकत सुटणें म्हणजे वेळ घालविणें आहे. ज्यानें तें पाणी पाहिलें आहे, ज्याच्या हातांना तें काम ठाऊक आहे, आणि ज्याच्या अंगावर त्याचा परिणाम येणार आहे, असे तीनच लोक विचारण्याच्या योग्यतेचे. गुरुजींच्या यादींत यांपैकीं एकहि नव्हता.

शहाणपणाची पहिली गोष्ट केली ती त्यांच्या पत्नींनीं. त्यांनीं शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली आणि पाऊस केव्हां सुरू झाला, थेंब केव्हां व कोठें पडूं लागला, आणि केव्हां थांबला, एवढेंच लिहून ठेवावयास आरंभ केला. प्रश्न विचारण्यापूर्वीं एवढें कष्ट घेणारीं माणसें थोडीं. वास्तविक निम्मी चिकित्सा तेथेंच होते. गळती पहिल्या सरीबरोबर सुरू झाली तर पत्र्याला छिद्र आहे किंवा सांधा सुटला आहे असें समजावें. साध्या पावसांत कांहीं होत नाहीं, मुसळधार लागली म्हणजेच पाणी आंत येतें, असें असेल तर पन्हळ फुटलेली नसून ती भरून कांठावरून वाहते आहे. एक तर पाला अडकला असेल, उतार बिघडला असेल, किंवा पन्हळच अपुरी असेल. आणि पाऊस थांबल्यावर अर्ध्या घटकेनें थेंब पडूं लागला, तर पाणी धाब्याच्या मातींत मुरलें आहे, पन्हळीचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. तेथें पन्हळीला लेप देणें म्हणजे रेड्याला ताप आणि पखालीला औषध!

वहींतल्या नोंदी स्पष्ट होत्या. रिमझिमींत स्वयंपाकघर कोरडें, आणि जोराची सर आली कीं पांच मिनिटांत ओलें. ही वही घेऊन गुरुजी वस्तींतल्याच एका वृद्ध गवंड्याकडे गेले. म्हाताऱ्यानें हातांत वहीच काय, चष्माहि घेतला नाहीं; पण नोंदी वाचून दाखविल्यावर तो उठून बरोबर आला. पन्हळीच्या दोन टोकांना त्यानें दोरी ताणली, आणि पाणी भरलेल्या पारदर्शक रबरी नळीची पाणसळ लावून पाहिली. मधला एक आधार तुटल्यामुळें पन्हळ मध्येंच झोळीसारखी बसली होती, आणि त्या झोळींत निंबाचा पाला कुजून घट्ट बसला होता. पन्हळीला दर तीन मीटर लांबीस निदान दीडदोन सेंटिमीटर उतार हवा, आणि आधार दोन-अडीच फुटांच्या अंतरावर हवेत, म्हणजे भरल्या वजनानें ती वांकत नाहीं. दोन लोखंडी पट्ट्या आणि बादलीभर पाला एवढीच ती दुरुस्ती. लेपाचा डबा न उघडतां परत गेला.

गोष्ट येथें संपती तर मीं ती आपणांस सांगितली नसती. गवंडी शिडीवरून उतरला आणि त्यानें विचारलें, आतां हें पाणी पडणार कोठें? सर्वांनीं इतके दिवस माना वर करून सल्ले दिले होते. खालीं पाहणारा हा पहिला. बोळांत पन्हळीच्या तोंडाखालीं घोटाभर खोल खळगा पडलेला होता. समोरच्या मातीच्या भिंतीचा पायथा शिंतोड्यांनीं पोंखरला जाऊन आंत गेलेला होता. आजवर पन्हळ तुंबलेली असल्यामुळें निम्में पाणी गुरुजींच्या स्वयंपाकघरांत सांडत होतें. आतां पन्हळ सुधारली म्हणजे तें सारें त्या भिंतीच्या मुळाशीं जाणार होतें. आपली दुरुस्ती जितकी उत्तम तितका शेजारणीच्या घराला धोका अधिक, असा हा विलक्षण हिशेब.

खानदेशांतल्या काळ्या मातीचा गुण जाणणारांना हें अधिक उमगेल. ती माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून भेगा टाकते. तिच्यावर उभ्या असलेल्या घराच्या पायाशीं एकाच जागीं पाणी ओतत राहिलें, तर पाया एका कोपऱ्यांत वर उचलला जातो, दुसऱ्या कोपऱ्यांत खचतो, आणि भिंत तिरपी तडकते. भिंत मातीची असेल तर तिचा पायथा भिजून मऊ होतो आणि वरचें वजन त्याला पेलवत नाहीं. पावसाळ्यांत अशीं घरें कोसळून निजलेलीं माणसें गेल्याच्या वार्ता आपण दरसाल वाचतों. 'पावसामुळें भिंत कोसळली' एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. तो पाऊस कोणाच्या छपरावरून आला होता याचा शोध कोणी घेत नाहीं.

गुरुजी त्या संध्याकाळीं पलीकडच्या आजींकडे गेले. वडील वारल्यापासून पन्हळीविषयीं त्यांना कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. आजींनीं सांगितलें कीं, तुमचे वडील होते तेव्हां धाब्याचें तोंड पुढच्या अंगणाकडे होतें, आणि त्याखालीं पाणी फुटावें म्हणून एक सपाट दगड बसविलेला होता. मागची खोली बांधली तेव्हां तोंड बोळाकडे वळलें आणि दगड कपडे धुवावयास गेला. इतक्या वर्षांत आपण बोललां कां नाहीं, असें विचारल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या कीं, नातू तुमच्याच शाळेंत होता. या उत्तरावर गुरुजींच्या तोंडून शब्द फुटला नाहीं. मग आजींनीं आपण होऊन उपाय सांगितला: पाणी बोळांत सोडूंच नये, पत्र्याच्या खोलीच्या मागच्या भिंतीला धरून नळ न्यावा आणि परसांतल्या निंबाच्या पलीकडे सोडावा, तेथें जमीन उतरती आहे. ज्या बाईनें वीस पावसाळे त्या पाण्याची वाट आपल्या ओट्यावरून पाहिली, तिच्याइतका तज्ज्ञ दुसरा कोण असणार?

कायदाहि येथें मुका नाहीं. १८८२ सालचा सुखाधिकारांचा कायदा १८९१ मध्यें मुंबई इलाख्याला लागू झाला, आणि तो आजहि चालू आहे. आपल्या छपराचें पाणी शेजाऱ्याच्या जागेंत सोडण्याचा हक्क त्याप्रमाणें आपोआप मिळत नाहीं. उघडपणें, हक्कानें, विनाखंड व विनातक्रार २० वर्षें वहिवाट झाली असेल तर तो दावा मांडतां येतो. परंतु वकिलाकडे जावयाचें तें शेजाऱ्याकडे जाऊन आल्यानंतर.

आतां सामान आणण्याकडे वळूं. परसापर्यंत बारा मीटर नळ हवा होता. जळगांवकरांना नळ आणावयास दूर जावें लागत नाहीं. भंवरलाल जैन यांच्या उद्योगानें १९८० सालीं येथें पीव्हीसी नळ करावयास आरंभ केला, आणि तेव्हांपासून नळांनीं भरलेल्या मालमोटारी हें या शहराच्या रस्त्यांवरचें नित्याचें दृश्य आहे. पावसाच्या आणि सांडपाण्याच्या नळांसाठीं भारतीय मानकाचा क्रमांक १३५९२ असतो. तो नळावर छापलेला पाहून घ्यावा, म्हणजे स्वस्त पातळ नळी गळ्यांत पडत नाहीं. ११० मिलिमीटर व्यासाचा सहा मीटर लांब नळ वजनाला जेमतेम सहासात किलो. एवढ्यासाठीं टेंपोचें भाडें कशाला, असें गुरुजींच्या मुलाला वाटलें, आणि मोटारीच्या टपावर दोन नळ बांधून आणण्याचा बेत ठरला. येथें पुन्हां सल्ले. हळू चालव. मागें लाल फडकें बांध. पुढें एक, मागें एक माणूस बसवून खिडकींतून हात काढून धरा.

वजनाचा प्रश्न नव्हता, लांबीचा होता. करांतील सवलतीमुळें आपल्याकडच्या पुष्कळशा लहान मोटारी लांबीला चार मीटरांच्या आंत ठेवलेल्या असतात. तिच्यावर सहा मीटरांचा नळ म्हणजे दोन मीटर नळ हवेंत. वळणावर त्याचें टोंक गाडीच्या मागें एक मोठें वर्तुळ काढतें, आणि दुचाकीवरील माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर काढतें. लाल फडकें दिवसा दिसतें. तिन्हीसांजेला तें काळें होतें. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, गाडीच्या अंगाबाहेर बाजूला, पुढें किंवा मागें, अथवा ठरलेल्या उंचीच्या वर ओझें काढून गाडी चालविणारास २०,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि ओझें उतरविण्याचा खर्चहि त्याच्याच माथीं आहे. दंड भरून भागतें, डोळा भरून येत नाहीं.

या वेळीं मात्र विचारणा योग्य ठिकाणीं झाली. दुकानाबाहेर लोटगाडी लावून उभा असलेला हमाल हें सारें ऐकत होता. आमच्याकडे हातगाडीला लोटगाडी म्हणतात. तो म्हणाला, नळ जोडण्यासाठींच केलेला असतो, मग तोडून न्यावयास भितां कशाला? नळाला मध्येंच जोड येणारच होता. तीन मीटरांचे चार तुकडे आणि तीन जोड घेतले कीं ओझें गाडीच्या लांबींत बसतें. मोटारवाल्या मित्रांपैकीं एकालाहि हें सुचलें नव्हतें, कारण त्यांच्यापैकीं कोणीहि कधीं दुसऱ्याचें ओझें पोटासाठीं वाहिलें नव्हतें.

रथाची गोष्ट येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. जळगांवांत कार्तिकी एकादशीला आणि पिंप्राळ्यांत आषाढी एकादशीला रथ निघतो. उंच लांकडी रथ, ओढणारे हात शेंकडों, जयजयकार करणारे हजारों. पण तो रथ कोठें वळावा आणि कोठें थांबावा हें ठरतें तें चाकाखालीं मोगरी लावणाऱ्या मोजक्या माणसांच्या हातांनीं. चाकाशीं वांकलेल्या त्या माणसाला बाजूच्या गच्चीवरून कोणी सूचना देत नाहीं. मोटारीच्या टपावर ओझें बांधतांना मात्र आपल्याला साऱ्या गल्लीचें मार्गदर्शन चालतें!

नळांचें निभावलें, पत्र्यांच्या बाबतींत मात्र टपाचा नाद सोडावा असें माझें स्पष्ट मत आहे. अर्धा मिलिमीटर जाडीचा, दहा फूट लांब व तीन फूट रुंद पन्हळी पत्रा अकराबारा किलोचा असतो. दहा पत्रे म्हणजे शंभर किलोंच्या वर. पुष्कळशा लहान मोटारींच्या माहितीपुस्तकांत टपावरील भाराची मर्यादा ५० ते ७५ किलोंच्या आसपास सांगितलेली असते, आणि त्यांत वरच्या सांगाड्याचें वजनहि धरलेलें असतें. तें पुस्तक बहुधा गाडीच्या कप्प्यांत, आलें तसें कोऱ्या वेष्टनांत पडून असतें. दुसरें असें कीं, पत्रा, फळी, गादी, यांसारखी रुंद वस्तु वेगांत पंखासारखी उचलली जाते. तीन चौरस मीटरांच्या पृष्ठभागावर, तासाला ६० किलोमीटरांच्या वेगांत, वाऱ्याचा जोर पन्नास किलोंच्या घरांत जाऊं शकतो. वेग निम्मा केला तर तो चौथाईवर येतो. खिडकींतून हात काढून गादी धरून बसलेल्या इसमाच्या मनगटांत पन्नास किलो पेलण्याची शक्ति नसते, आणि त्याला तें कळतें तेव्हां गादी मागच्या माणसावर गेलेली असते. शहराजवळून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर तर समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या वाऱ्याचा झोत निराळाच. पत्रे टेंपोंतून आणावेत. भाड्याचे पैसे पत्र्याच्या किंमतींतच धरावेत.

जें कांहीं टपावर बांधाल तें दोन ठिकाणीं आडवें आणि पुढून व मागून खालीं ओढून बांधावें. नुसत्या आडव्या दोरांनीं बांधलेले नळ ब्रेक लावतांच पुढें सुटतात, आणि पुलाच्या चढावर मागें. दोर खिडक्यांतून ओवला तर दारें बांधलीं जातात हें गांठ मारून झाल्यावर ध्यानांत येतें. काथ्याचा दोर भिजला कीं ताण बदलतो. नायलॉनची गांठ घसरते, म्हणून तिला दुसरा फेरा हवा. आणि पहिला फर्लांगभर रस्ता गेल्यावर थांबून, उतरून, गांठी पुन्हां आंवळाव्या. हमाल हें न सांगतां करतात.

नळ बसवितांना खानदेशचें ऊन विसरतां कामा नये. पहांटेच्या आणि दुपारच्या उष्णतेंत तीस अंशांचा फरक पडला तर सहा मीटर पीव्हीसी नळ सेंटिमीटराहून अधिक लांबतो. जोडांत तेवढी जागा ठेवली नाहीं तर तो भिंतीवरून धनुष्यासारखा बाहेर येतो किंवा जोड फोडतो. उन्हांत तो ठिसूळहि होतो. शक्य तेथें रंग द्यावा, किंवा भिंतीच्या सांवलींत न्यावा. सिमेंटच्या पत्र्यावर चढावयाचें असेल तर पत्र्यावर पाय देऊं नये, खालच्या लांकडांवर टेंकेल अशी फळी टाकून तिच्यावरून जावें. हा पत्रा बाहेरून शाबूत दिसतो आणि पायाखालीं एकदम फुटतो. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारेपासून दूर ठेवावी, हें मोठ्यांनाच पुन्हां पुन्हां सांगावें लागतें.

आणि काम झाल्यावर मृगाची वाट पाहत बसूं नये. गुरुजींच्या घरीं मुलगा वर धाब्याच्या कडेला बसून बादलीमागून बादली पन्हळींत ओतीत होता. गुरुजी परसांत नळाच्या तोंडाशीं उभे होते, आणि त्यांच्या पत्नी वही घेऊन स्वयंपाकघरांत. गवंडी आजींच्या ओट्यावर बसला होता. बोळांत थेंब येतो कीं काय हें पाहण्याची खरी जागा तीच, असें त्याचें म्हणणें. आठव्या बादलीपर्यंत बोळ कोरडा राहिला. परसांत मात्र धारेनें माती उडूं लागली होती. आजींनीं बसल्या जागेवरून धुण्याच्या दगडाकडे बोट दाखविलें, आणि तो दोघांनीं उचलून निंबापलीकडे नेऊन नळाच्या तोंडाखालीं बसविला.